नदीपलीकडचं खातं

वैशाख संपला. गच्चीवरची धोतरं धुऊन झाली,
एकशे बारा किलो बिबडे डब्यांत गेले, डबे गिऱ्हाइकांकडे,
आता घरात फक्त ज्वारीचा आंबूस वास
आणि पैसे.

माझ्याकडे पैसे दोन महिने येतात, दहा महिने जातात.
हे बँकेतल्या मुलाला कळायला वेळ लागला.
तो म्हणाला, मासिक उलाढाल सांगा.
म्हटलं, कुठल्या महिन्याची?
चैत्रात मी शेठाणी असते,
भादव्यात पापडखाराची पुडीसुद्धा उधार.

त्याने दोन फॉर्म पुढे सरकवले.
'बचत घरासाठी. धंद्याला चालूच लागेल, काकू.'
मागे रांगेत मंगला धांडे, ती खुदकन हसली.
सावद्यात एखाद्या बाईला चालू म्हणणं म्हणजे काय,
ते त्या नाशिकच्या पोराला कोण सांगणार.

चालू खात्याला व्याज नाही.
शिल्लक दहा हजारांच्या खाली आली की दंड.
म्हणजे पैसा माझा, राखण त्यांची,
आणि झिजला तर शिक्षा मला.
पण दुकानदारांचे चेक त्यातच वटतात,
भिंतीवरचं ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र त्यालाच जोडतात,
मग तो छोटा डबा ओरडतो,
'तीनशे साठ रुपये प्राप्त झाले',
अंगणातली पोरं खेळायची थांबतात.
ओरडणाऱ्या पैशाची मला भीती वाटते.
तो ह्यांनाही ऐकू जातो. दिरांनाही.

घेतलं तरी. सही केली,
प्रमिला डिगंबर फिरके, धंद्याचं नाव: बिबडे.

सुभान तडवी पंधरा वर्षं दिवेलागणीला येतो,
पतसंस्थेची पिग्मी. कधी पन्नास, कधी वीस.
काहीच नसेल त्या दिवशी पाणी पितो,
केळीचा भाव सांगतो, जातो.
मधे एक संस्था बुडाली. त्याची नव्हे,
पण गावाने त्याच्याचकडे पाहिलं.
तेव्हा आठवडाभर तो सायकल ढकलत यायचा,
तिच्यावर बसायची जणू लाज वाटत होती.
त्याचे वीस रुपये चालू राहतील.
हे चालू वेगळं.

मोठ्या रकमेचं मात्र
मला एक ठाऊक आहे, कुठल्या पासबुकात छापलेलं नाही.
दुपारी तीनच्या सुमाराला बिबडे अर्धे वाळलेले असतात,
कडा कडक, मधे ओल, तीळ वर आलेले.
तेव्हा गच्चीवर जो येतो तो एक तोडतो.
पोरं, पाहुणे, मीटर बघायला आलेला वायरमन,
मी.
चोर कोणीच नाही.
संध्याकाळी मोजायला बसावं
तर अख्खं एक धोतर कमी.

हाताशी असलेला पैसा असाच,
कायम दुपारचे तीन वाजलेला.

म्हणून सोमवारी एसटीने भुसावळला गेले.
तापी ओलांडली. खाली पाण्यापेक्षा दगड जास्त.
बाजारामागच्या जुन्या बँकेत बचत खातं काढलं,
पंखा कुरकुरणारा, व्याज पाव टक्का कमीच.
काउंटरवरची बाई म्हणाली, कार्ड घरच्या पत्त्यावर येईल.
म्हटलं, कार्ड नको.
मोबाइलवर सुरू करून देऊ?
तेही नको.
'काहून वं, काकू? मग काढणार कसे?'
येईन की. तिकीट काढून, दिवस मोडून,
दोनदा विचार करायला नदी आहे मधे.

ती जरा वेळ बघत राहिली,
मग 'नको'च्या चौकोनात
तिने बरोबरची खूण केली.

येताना गाडीत सुटे नव्हते.
कंडक्टरने अर्ध्या तिकिटाच्या मागे
तेरा रुपये लिहून दिले, उतरताना घ्या म्हणाला.
सावद्याला उतरले, भाजी घेतली,
घरी पाय धुताना आठवलं.

तिकीट अजून आहे. पासबुकात ठेवलंय.